संगणक बदलण्याची वेळ

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रातील छायाचित्रकारांची लग्नसराई सुरू होते, आणि दोन-चार लग्नांचे काम साचून अल्बमसाठी यजमानांचा तगादा लागला, की तालुक्याच्या गावातील लहानशा स्टुडिओपासून पुण्या-मुंबईच्या थाटाच्या कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र एकच प्रश्न निघतो, तो असा की, हा संगणक आता बदलावा काय, आणि बदलावयाचा तर त्याबरोबर सॉफ्टवेअरही नवे घ्यावे काय. हौशी माणसाचीही या प्रश्नातून सुटका नाही. सह्याद्रीतील पक्षी आणि किल्ले टिपून रविवारच्या सकाळी निगुतीने त्या छायाचित्रांवर काम करणाऱ्या निवृत्त शिक्षकालाही तो पडतो, आणि त्याच्या बाबतीत तर खर्च धंद्याच्या खात्यावर न पडता घरखर्चातूनच भागवावा लागतो. या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराकडे मागण्याचा प्रघात आहे. तो मला घातक वाटतो. कारण दुकानात मिळणारे उत्तर यंत्राच्या वयावरून दिलेले असते, आणि आपले काम नेमके कोठे अडते हे दुकानदाराने पाहिलेले नसते. ते ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते, आणि ते पाहण्याआधी केलेला खर्च बहुधा वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम का अडते हे उमगण्यासाठी गेल्या वीस वर्षांत एकेका छायाचित्राचे ओझे किती वाढले ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. २००४ साली बाजारात आलेल्या निकॉन डी७० या कॅमेऱ्याचे चित्र सुमारे ६ मेगापिक्सेलचे, म्हणजे ६० लाख बिंदूंचे असे. त्याच कंपनीच्या २०१७ मधील डी८५० या कॅमेऱ्याचे चित्र ४५ मेगापिक्सेलांहून मोठे झाले. त्यातही कॅमेऱ्याची रॉ फाइल हे अजून पुरते चित्र नसते. कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बेयर यांनी शोधलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार, बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचे माप घेतो, आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंच्या मापांवरून हिशेबाने भरून काढण्याचे काम सॉफ्टवेअरकडे येते. हा हिशेब पुरा होऊन चित्र तयार झाले, आणि प्रत्येक रंगासाठी १६ बिटांची नोंद ठेवली, की एका बिंदूला ६ बाइट लागतात. म्हणजे ६ मेगापिक्सेलच्या चित्रास ३६ मेगाबाइट, २४ मेगापिक्सेलच्या चित्रास १४४, आणि ४५ मेगापिक्सेलच्या चित्रास २७० मेगाबाइट जागा स्मरणात व्यापावी लागते. वधूच्या चेहऱ्यावरील डाग काढण्यासाठी चित्राची एक प्रत, शालूचा रंग सावरण्यासाठी दुसरी, असे थर फोटोशॉपमध्ये चढू लागले की हा आकडा त्या प्रमाणात वाढत जातो. एका लग्नाच्या तीन हजार रॉ फाइली प्रत्येकी २५ मेगाबाइटांच्या धरल्या तरी ७५ गिगाबाइट होतात. आणि त्या उघडणे, चाळणे, निवडणे, सुधारणे व शेवटी छपाईसाठी बाहेर काढणे अशा पाच निरनिराळ्या कामांतून प्रत्येक फाइलीला जावे लागते.

या पाच कामांत संगणकाचा निरनिराळा अवयव राबत असतो, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक चुकीच्या खरेद्या होतात. छायाचित्रे चाळताना डिस्कचा आणि प्रोसेसरचा कस लागतो; थरांवर थर चढवताना रॅमचा; आणि हल्लीच्या काही नव्या करामतींत ग्राफिक्स कार्डाचा. विहिरीवरची मोटार कितीही जोराची बसवली, तरी पाटाचे तोंड अरुंद असेल तर शेताला पाणी पोचते ते त्या तोंडाच्या मापानेच. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच गणिताने सांगतो: कामाचा जो भाग जलद झाला, त्या भागाच्या वाट्यापुरताच एकूण वेळ वाचतो. एका चित्रावर दहा मिनिटे खर्ची पडत असतील, आणि त्यांतील सहा मिनिटे छायाचित्रकार स्वतः पाहण्यात, तोलण्यात व ठरविण्यात घालवीत असेल, तर दुप्पट वेगाचा संगणक आणूनही दहाची आठच मिनिटे होणार. ही दोन मिनिटे महत्त्वाची नाहीत असे मी म्हणत नाही. हजार चित्रांमागे ती तेहतीस तासांवर जातात. पण खर्च करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडलेला असावा.

मांडणे अवघड नाही. नेहमीचे काम चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर किंवा मॅकमधील अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा ठेवावा, आणि ज्या क्षणी यंत्र खोळंबते त्या क्षणी कोणता अवयव भरून वाहतो आहे ते टिपून ठेवावे. फोटोशॉपच्या खिडकीच्या तळाशी ‘एफिशन्सी’ नावाचा आकडा दाखवून घेण्याची सोय फार पूर्वीपासून आहे, पण ती वापरणारे थोडे. हा आकडा शंभराच्या खाली वारंवार उतरत असेल तर रॅम अपुरी पडून फोटोशॉप आपला पसारा डिस्कवर मांडीत आहे असे निश्चित समजावे, आणि नव्या संगणकाचा विचार बाजूस ठेवून आधी रॅम वाढवावी. तीच गोष्ट डिस्कची. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे मेगाबाइटांच्या आसपास मजकूर वाचते, साटा जोडणीची एसएसडी पाचशेच्या वर, आणि एनव्हीएमई जातीची तीन हजार व त्याहूनही अधिक. ज्याच्या यंत्रात अद्याप तबकडीच फिरते आहे, त्याने एसएसडी बसवून पाहावी. जुन्या यंत्राची कळा पालटणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मात्र साटा एसएसडी आहे म्हणून एनव्हीएमईसाठी धावण्यात तितके हशील नाही, कारण तेथवर आल्यावर डिस्क मागे पडत नसते, रॉ फाइलीचा उलगडा करणारा प्रोसेसर मागे पडत असतो.

केवळ चाळताना आणि रंग सावरताना यंत्र मंद वाटत असेल तर पैसा न खर्चताही एक उपाय आहे. २०१३ च्या लाइटरूम ५ पासून ‘स्मार्ट प्रिव्ह्यू’ म्हणून मूळ फाइलीची एक हलकी प्रत तयार करून ठेवता येते, जिची लांब बाजू २५६० बिंदूंची असते. आणि मूळ फाइलीऐवजी या प्रतीवरच काम करावे असे लाइटरूमला सांगण्याची सोय पसंतीच्या यादीत पुढे देण्यात आली. रात्री झोपताना या प्रती करावयास लावाव्यात आणि सकाळी कामाला बसावे. शेवटची छपाईची फाइल मूळ रॉवरूनच निघते, त्यामुळे गुणवत्तेत तडजोड होत नाही.

रॅम वाढवावी असे म्हणताना एक इशारा देणे अगत्याचे आहे. ३२ बिटांच्या संगणकव्यवस्थेला ४ गिगाबाइटांपलीकडची स्मृती सरळ मार्गाने वापरताच येत नसे. फोटोशॉपची ६४ बिटांची आवृत्ती विंडोजवर २००८ मध्ये सीएस४ बरोबर आली आणि मॅकवर २०१० मध्ये सीएस५ बरोबर. त्यापूर्वी जास्तीची रॅम विकत घेणाऱ्यांचा बराचसा पैसा निरुपयोगी ठरला. आज ती मर्यादा उरली नाही, पण तिच्या जागी दुसरी उभी राहिली आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ चिपच्याही आधीपासून अ‍ॅपलच्या लॅपटॉपमध्ये, आणि इतर कंपन्यांच्या कित्येक सडपातळ लॅपटॉपमध्ये, रॅम कायमची जडवलेली असते व मागाहून वाढविता येत नाही. अशा यंत्राच्या बाबतीत रॅमचा निर्णय खरेदीच्या दिवशीच अखेरचा होतो. म्हणून तेथे आजच्या कामाला पुरेल तेवढी न घेता, पुढच्या कॅमेऱ्यालाही पुरेल इतकी घ्यावी. माझ्या मते रोज फोटोशॉप वापरणाऱ्याने ३२ गिगाबाइटांखाली जाऊ नये. हौशी माणसाचे १६ मध्ये भागते.

ग्राफिक्स कार्डाविषयी मात्र जुना सल्ला आता बदलला पाहिजे. कार्ड हे खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी, छायाचित्रकाराने त्यावर पैसा घालू नये, असे पूर्वी जाणती माणसे सांगत, आणि त्या काळी ते बरोबर होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्रातील रवाळपणा काढणारे ‘डीनॉइज’ आले. अंधाऱ्या मंगल कार्यालयात किंवा पहाटेच्या जंगलात उच्च आयएसओवर काढलेली चित्रे त्याने आश्चर्यकारक रीतीने स्वच्छ होतात. पण हे सर्व गणित ग्राफिक्स कार्डावर चालते. चांगले कार्ड असेल तर एका चित्राला काही सेकंद लागतात. जुने किंवा नाममात्र कार्ड असेल तर तेच काम कित्येक मिनिटांवर जाते. ज्याला अशी शेकडो चित्रे दर आठवड्यास शुद्ध करावयाची आहेत, त्याच्यासाठी कार्ड हे बदलाचे पुरेसे कारण होय. उलटपक्षी, फोटोशॉपमधील ‘जनरेटिव्ह फिल’, ज्याने चित्रात नसलेली वस्तू भरता येते, ते कंपनीच्या दूरच्या सर्व्हरांवर चालते. त्यासाठी कार्ड घेणे व्यर्थ आहे.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. येथे बदलाचा हुकूम बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडून सुटतो, आणि त्याचे एक बोलके उदाहरण सांगण्यासारखे आहे. एकदा पैसे भरून कायमची आपली होणारी लाइटरूमची शेवटची आवृत्ती, म्हणजे लाइटरूम ६, २०१५ साली निघाली. अ‍ॅडोबी कंपनीने फोटोशॉप सीएस६ नंतर, २०१३ पासूनच, वर्गणीचा मार्ग धरला होता. लाइटरूम ६ ला २०१७ च्या अखेरीस शेवटची सुधारणा मिळाली आणि ती वाट बंद झाली. त्यानंतर २०१८ मध्ये ज्याने निकॉन झेड६ किंवा कॅनन ईओएस आर घेतला, त्याला घरी आल्यावर असे आढळले की, नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली आपले सॉफ्टवेअर उघडीतच नाही. संगणक धडधाकट, सॉफ्टवेअर मालकीचे, आणि तरीही काम ठप्प. कॅमेऱ्याच्या किमतीत सॉफ्टवेअरची, आणि कधी कधी संगणकाचीही, किंमत छुपी असते हे अशा वेळी कळते. म्हणून कॅमेरा घेण्यापूर्वीच त्याची रॉ फाइल आपल्याजवळचे सॉफ्टवेअर वाचते की नाही याची रुजुवात करून घ्यावी.

पण हा हुकूमही अखेरचा नाही. अ‍ॅडोबीनेच २००४ मध्ये डीएनजी हे रॉ फाइलींचे खुले रूप प्रसिद्ध केले, आणि नव्या कॅमेऱ्यांच्या फाइली त्या रूपात बदलणारा डीएनजी कन्व्हर्टर ती विनामूल्य देते. बदललेल्या फाइली जुनी आवृत्तीही उघडू शकते. एक पायरी वाढते, डिस्कवर जागा थोडी अधिक लागते, पण वर्गणीची सक्ती टळते. याखेरीज निकॉनचे एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल त्या त्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी मोफत आहेत. आणि डार्कटेबल, रॉथेरपी व गिम्प ही स्वतंत्र वृत्तीच्या कार्यकर्त्यांनी घडविलेली मुक्त सॉफ्टवेअरे अंगवळणी पडण्यास वेळ घेत असली तरी गंभीर कामास पुरी पडणारी आहेत. हौशी माणसाने वर्गणी भरण्यापूर्वी महिनाभर तरी डार्कटेबल वापरून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. चोरीच्या प्रतींची वाट मात्र कोणीही धरू नये. आपल्याकडे ती सर्रास वापरात आहे हे मी जाणतो. परंतु जी प्रत सुधारणा घेऊ शकत नाही, जिच्या पोटात कोणी काय दडविले आहे याचा पत्ता नाही, तिच्या हवाली लोकांच्या मुलीबाळींची छायाचित्रे करणे हा विश्वासभंग आहे.

वर्गणीविषयी एक भीती उगाच पसरलेली आढळते, ती ही की, पैसे थांबले तर छायाचित्रे जातील. लाइटरूम क्लासिकमधील फाइली आपल्याच डिस्कवर असतात. वर्गणी संपल्यावर डेव्हलप आणि मॅप हे विभाग बंद होतात, पण कॅटलॉग उघडतो, चित्रे दिसतात आणि बाहेर काढताही येतात. जाते ते नव्याने सुधारण्याचे सामर्थ्य. धंदेवाईकाला वर्गणी परवडते, कारण ती महिन्याच्या जमाखर्चात बसते. वर्षातून दोनदा सहलीची चित्रे सुधारणाऱ्याला ती परवडत नाही.

तिसरा तगादा ऑपरेटिंग सिस्टिमचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे छायाचित्रणासाठी पुरेपूर समर्थ असलेले कित्येक संगणक केवळ या अटीपायी बाद ठरले. मॅकच्या बाजूस २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीने ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालविणेच बंद केले, आणि सीएस६ सारख्या जुन्या मालकीच्या आवृत्त्या बाळगणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली. अशा प्रसंगी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ज्या यंत्रावर ईमेल, बँक आणि ग्राहकांशी देवघेव चालते, ते सुरक्षासुधारणांवाचून ठेवणे धोक्याचे आहे आणि तेथे बदल टाळू नये. परंतु ज्याच्याजवळ दुसरे यंत्र आहे आणि मालकीचे जुने सॉफ्टवेअर आहे, त्याने जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ चित्रांसाठी राखले, तर ते आणखी कैक वर्षे चाकरी करील.

एवढा वेळ वेगाविषयी बोललो, तरी माझ्या मनात पहिला मान वेगाला नाही. खर्चास हजार रुपये असोत वा लाख, ते प्रथम मॉनिटरकडे आणि बॅकअपकडे जावेत असे मी मानतो. संगणक मंद असला तर काम उशिरा होते; मॉनिटर खोटा रंग दाखवीत असला तर काम चुकीचे होते, आणि ते चुकल्याचे अल्बम छापून आल्यावर कळते. हळदीच्या समारंभातील पिवळा, पैठणीचा जांभळा, नवरीच्या हातच्या चुड्याचा हिरवा, हे रंग घरच्या माणसांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षे बसलेले असतात, आणि छापील पानावर ते बिघडले तर कोणतेही स्पष्टीकरण उपयोगी पडत नाही. १९९६ मध्ये मांडलेले एसआरजीबी हे रंगक्षेत्र पूर्णपणे दाखविणारा आयपीएस पटलाचा मॉनिटर आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. त्याची रंगदुरुस्ती करणारे कॅलिब्रेटर नावाचे लहान यंत्र दोघा-तिघा स्नेह्यांनी मिळून घेतले तरी चालते. अ‍ॅडोबी आरजीबीसारखे विस्तृत रंगक्षेत्र दाखविणारे महाग मॉनिटर ज्यांची छपाई त्या दर्जाची आहे त्यांनीच घ्यावेत. बॅकअपची गोष्ट याहून सोपी: प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. ही व्यवस्था ज्याची नाही, त्याने नव्या प्रोसेसरचा विचारही करू नये.

धंदा करणाऱ्याने आयकराचा भागही पाहावा. संगणक व सॉफ्टवेअर यांवर सालिना ४० टक्के दराने घसारा मिळत आला आहे; १ एप्रिल २०१७ पूर्वी तो ६० टक्के होता. यंत्र खरेदीच्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून मार्चअखेरीस घाईने केलेल्या खरेदीत वाटतो तितका लाभ नसतो.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. आपल्याकडे खरेदीचा मुहूर्त म्हणजे दसरा किंवा दिवाळी, आणि सवलतींच्या जाहिरातीही त्याच दिवसांत. परंतु छायाचित्रकाराच्या दृष्टीने याहून वाईट वेळ नाही, कारण नवे यंत्र हाती येऊन ते अंगवळणी पडण्याच्या आत तुळशीचे लग्न लागते आणि काम कोसळते. बदल करावयाचा तो आषाढात, चातुर्मास लागला की, जेव्हा लग्ने थांबलेली असतात आणि गणपतीच्या कामास अवकाश असतो. बदल करताना लाइटरूमचा जुना कॅटलॉग नव्या आवृत्तीत उघडला की त्याचे रूपांतर होते आणि जुनी आवृत्ती तो पुन्हा वाचू शकत नाही. तेव्हा रूपांतरापूर्वी त्याची एक प्रत वेगळी काढून ठेवावी. जुन्या चित्रांवर पूर्वीच्या पद्धतीने केलेले संस्कार नव्या आवृत्तीतही तसेच राहतात, जोपर्यंत आपण स्वतः त्यांची प्रक्रिया-आवृत्ती बदलत नाही. तेव्हा एकदम सगळी बदलू नयेत, चार चित्रे बदलून ताडून पाहावीत. मॉनिटर नवा असल्यास एक जुने, पसंत पडलेले छापील पान त्याच्याशेजारी ठेवून रंग जुळतात की नाही ते पाहावे, आणि लॅबला एक चाचणी पान पाठवावे. नव्या यंत्रावर एक संपूर्ण काम, निवडीपासून छापून आलेल्या अल्बमपर्यंत, निर्वेधपणे पार पडेतो जुने यंत्र विकू नये आणि त्यावरची डिस्क पुसू नये.